बिनदुधाचं बिस्कीट

आमच्या घरात खाण्यापिण्याचा कारभार माझ्याकडे कधीच नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच सव्वीस वर्षांचा संसार बिनबोभाट चालला. त्यामुळं त्या सोमवारी सकाळी मालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, "बिस्किटाचं तेवढं तुमी बघा," असं म्हटलं तेव्हा मी उगाचच फुशारलो. घरातली एक बाब विश्वासानं माझ्यावर सोपवली गेली होती. बाब छोटी होती, पण बाब होती.

झालं असं होतं, की आमची एकुलती एक मुलगी वैजयंता शनिवारी पुण्याहून चार दिवसांसाठी गेवराईला येणार होती. ती एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते आणि वर्षभरापासून ती व्हीगन झाली आहे. म्हणजे दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. मालनला त्याचं काही अवघड वाटलं नाही. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, तेलातली भेंडी असा चार दिवसांचा बेत तिनं बोटांवर मोजून टाकला. फक्त एकच अडचण होती. वैजूला लहानपणापासून सकाळच्या चहात बिस्कीट बुडवायची सवय. चहा ती आता कोरा पिते. बिस्किटाचं मात्र तिनं फोनवर सांगितलं होतं, "आई, दूध नसलेलं मिळालं तर बघ, न्हाई मिळालं तरी चालतंय."

हे "न्हाई मिळालं तरी चालतंय" मला लागलं. का लागलं ते सांगतो आणि पुढं जातो. मी इथल्या गोदामाय सहकारी दूध संघात संकलन लिपिक आहे. आलेल्या दुधाची नोंद करणं हे माझं काम. गेल्या दिवाळीत वैजूनं बासुंदीची वाटी बाजूला सारली आणि मी चार पाहुण्यांसमोर म्हणालो, "ज्या दुधावर शिकलीस, त्याचीच आता किळस येती का?" ती शांतपणे म्हणाली, "किळस न्हाई आप्पा. बरगड्या मोजता येत्यात असल्या गाईच्या कासेला हात घालायचा मला नको वाटतंय." दुसऱ्या दिवशी ती भाऊबीजेच्या आतच पुण्याला निघून गेली. त्याला सात महिने झाले होते. माझं तिच्याशी फोनवर जे बोलणं व्हायचं ते "आईला देतो" एवढंच. आता ती येणार होती, आणि मला तोंडानं जे म्हणता येत नव्हतं ते एका बिस्किटाच्या पुड्यानं म्हणायचं होतं.

संध्याकाळी मी बंकटच्या किराणा दुकानात गेलो.

"दूध नसलेलं बिस्कीट?" बंकट म्हणाला. "अवो, लोक उलटं मागत्यात. दुधाचं द्या म्हणत्यात. आन् तुमी तर संघातले."

"आहे का ते सांग."

"हे बघा, ह्याच्यावर हिरवा ठिपका हाय. हिरवा म्हंजी शाकाहारी."

"अरे, दूधपण शाकाहारीच असतंय."

बंकटनं पुड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मग तुमच्या पोरीला कोणच्या रंगाचा ठिपका पाहिजे?"

तसला ठिपका त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, निदान बंकटच्या दुकानात तरी नव्हता. राहता राहिला मागचा मजकूर. बिस्किटाच्या पुड्यावर समोरच्या बाजूला बिस्किटाचं चित्र ताटाएवढं काढतात आणि आत काय घातलंय ते मुंगीच्या पायानं लिहितात. मी चष्मा कपाळावर घेतला, खाली घेतला, पुडा बाहेर मावळतीच्या उन्हात नेला. मैदा, साखर, तेल, आणि मग इंग्रजीत 'मिल्क सॉलिड्स'. दुसऱ्या पुड्यात दुधाची भुकटी. तिसऱ्यात निवळीची, म्हणजे दूध फाटल्यावर उरतं त्या पाण्याची भुकटी. चौथ्यात दुधाचं नाव नव्हतं, पण कसलासा तीनआकडी नंबर होता आणि त्याच्यापुढं इंग्रजी ई. तो नंबर गाईपासून येतो की झाडापासून, हे बंकटला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तरीही त्यानं "झाडापासून" असं ठामपणे सांगितलं, कारण गिऱ्हाईक पाऊण तास उभं होतं.

जाताजाता मी बेकरीतही डोकावलो. आमच्याकडं चहासोबत बटर नावाचा कडक गोल पाव खातात. नाव बटर असलं तरी त्यात लोणी असेल असं वाटण्याइतका मी भाबडा नाही.

"लोनी कुठलं परवडतंय," बेकरीवाला म्हणाला. मला हायसं वाटलं. मग तो अभिमानानं म्हणाला, "पन वरून दुधाचा हात फिरवतो. त्याबिगर चमक येत न्हाई."

मंगळवारी सकाळी मी त्या नंबरवाल्या पुड्यावरच्या ग्राहक सेवेला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काय दाबायचं ते सांगितलं नाही. मी एक दाबलं. अकरा मिनिटं सनई ऐकली. मग एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, आपको दूध से एलर्जी है?"

"नहीं," मी म्हणालो. "मैं दूध संघ में हूँ."

 मग तिनं माझी तक्रार नोंदवून घेतल्याचं सांगितलं. माझी तक्रार नाही, चौकशी आहे, हे मी तीनदा सांगितलं. अर्ध्या तासानं मोबाईलवर निरोप आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालेलं आहे.

इथं आमचे शेजारी बबनराव येतात. ते निवृत्त ग्रामसेवक आहेत. जगातला कुठलाही प्रश्न अर्ज केल्याशिवाय सुटत नाही आणि पोच घेतल्याशिवाय तो अर्ज नसतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. ते सगळं ओट्यावर बसून ऐकत होते.

"फोनवर कोन सांगतंय ओ," ते म्हणाले. "बीडला जा. खान्यापिन्याच्या पदार्थाचं हापिस हाय तिथं. लेखी इचारा. लेखी उत्तर द्यावंच लागतंय."

एका पुड्यासाठी माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी जातो का, असं कुणीही विचारेल. मालननंही विचारलं. पण माझी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती आणि माझं डोकंही तापलं होतं. मी बीडची एसटी पकडली. बाहेर नुसती उजाड रानं, आणि दर दहा मिनिटाला एक पाण्याचा टँकर.

कचेरीतल्या बाबूनं माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, हीच मोठी चूक झाली. ऐकून घेतल्यावर त्यानं मला छापील नमुना दिला.

"मला फक्त विचारायचंय, ह्या बिस्किटात दूध आहे का," मी म्हणालो.

"विचारायचा नमुना नाही. तक्रारीचा आहे. त्यातच भरा."

नमुन्यात रकाने होते. 'कोणत्या पदार्थात' इथं मी बिस्कीट लिहिलं. 'कोणत्या पदार्थाची भेसळ' इथं मी थांबलो. बाबूनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दूध लिहा की. तुम्हाला दुधाचाच संशय आहे ना?" मी लिहिलं. 'अर्जदाराचा व्यवसाय' इथं मी खरं ते लिहिलं, कारण सरकारी कागदावर खोटं लिहायचा मला धीर होत नाही. बाबूनं शिक्का मारला, मला पोच दिली आणि म्हणाला, "दुधाचं प्रकरण आहे, तर एक प्रत तुमच्या संघालाही जाईल." मला वाटलं, जाईल तेव्हा जाईल. सव्वीस वर्षं सरकारी टपाल हाताळल्यामुळं माझा अंदाज दोन महिन्यांचा होता.

बुधवार असाच गेला. गुरुवारी बबनरावांना दुसरी कल्पना सुचली.

"उत्तरेश्वरराव," ते म्हणाले, "तुमच्याकडं दुधाची फॅट मोजायची मशीन हाय ना? बिस्कीट पान्यात कालवा आन् घाला मशीनीत. दूध असलं तर फॅट दावंल. न्हाई असलं तर शून्य."

मी इथं कबूल करतो, की मला हे पटलं. उन्हानं म्हणा, काळजीनं म्हणा, पण पटलं. दुपारी चार वाजता संकलन सुरू व्हायच्या आधी मी त्या नंबरवाल्या पुड्यातली दोन बिस्किटं भांड्यात कालवली, रुमालातून गाळली आणि नळी आत बुडवली. मशीन घरघरलं. आकडा आला, फॅट चार पॉइंट तीन.

आता तेलाचीही फॅटच असते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. आठवलं नाही. शिवाय हे मशीन कागदाची चिठ्ठी आपोआप छापतं. ती चिठ्ठी मी उचलायच्या आत कॅन घेऊन आलेल्या दोघांनी वाचली. त्याच्या शेजारीच सकाळची चिठ्ठी चिकटवलेली होती, ती संघाचे अध्यक्ष सुंदरराव आण्णा यांच्या स्वतःच्या गोठ्यातल्या म्हशीच्या दुधाची. तीन पॉइंट एक.

"आन्नाच्या म्हशीपरीस बिस्कीट भारी हाय," एक जण शांतपणे म्हणाला. हे वाक्य पाच वाजायच्या आत बाजारपेठेत पोचलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या कॅनला मशीननं आकडाच दाखवला नाही. मैद्याचा लगदा नळीत बसला होता. दुष्काळामुळं संघाचं संकलन नऊ हजार लिटरवरून अठ्ठावीसशेवर आलेलं, जनावरं चारा छावणीत, आणि आलेल्या थोड्याशा दुधाची रांग भर उन्हात उभी. रांगेत दगडाबाई होती. म्हातारी छावणीतून दोन कोस चालत येते. तिनं कळशी खाली ठेवली आणि पदराच्या टोकाएवढ्या सावलीत ती सरकवली.

"सा लिटर देनारी म्हस तीन लिटरवर आलीय माझी," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ते बी तुमच्या बिस्किटापायी नासवता का, बाबा?"

 मी जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्या काढल्या, आम्लाची बाटली काढली आणि एकेकाचं दूध हातानं तपासत बसलो. सगळ्यात आधी दगडाबाईचं घेतलं. रांग संपेपर्यंत दिवेलागण झाली. कुणाचं दूध फाटलं नाही, हे माझं नशीब. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, वैजूनं दिवाळीत काय म्हटलं होतं ते मी ऐकलं होतं, पण नीट ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी टेबलावर दोन कागद होते. एक बीडच्या कचेरीची प्रत. सरकारी कागद तीन दिवसांत आलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दुसरी कारणे दाखवा नोटीस. 'आपण दूध संघाचे सेवक असताना दूध हा भेसळीचा पदार्थ असल्याची लेखी तक्रार शासनाकडे केली, तसेच संघाच्या यंत्रात परकीय पदार्थ घातला. याबाबत आपल्यावर कारवाई का करू नये?' चौकशी शनिवारी सकाळी अकरा वाजता. स्थळ, माझं घर. कारण संघात चार दिवस पाणी नव्हतं आणि आमच्या गल्लीत आदल्या दिवशीच टँकर येऊन गेला होता. ज्याची चौकशी त्याच्याच घरी चहा पिऊन करायची, ही पद्धत फक्त सहकारातच असेल.

"म्हंजी वैजू यायच्या टायमालाच," मालन म्हणाली. मग तिनं विचारलं, "आन् बिस्किटाचं काय झालं?"

 पाच दिवसांत मी बीडला जाऊन आलो होतो, मशीन बंद पाडलं होतं, नोकरी टांगणीला लावली होती. बिस्कीट मिळालं नव्हतं.

"एक काम सांगितलं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. एवढंच म्हणाली, हे जास्त लागलं.

शनिवारी साडेदहाला वैजू आली. अंगभर धूळ, पाठीला पिशवी. "बरे हाव का आप्पा," म्हणाली. मी म्हणालो, "बरं आहे. आई आत आहे." सात महिन्यांनंतरचं आमचं बोलणं तेवढंच झालं. कारण मागोमाग सुंदररावांची जीप दारात थांबली.

सुंदररावांना सगळे आण्णा म्हणतात. माणूस मनाचा वाईट नाही, पण दुधाच्या बाबतीत हळवा. त्यांच्यासाठी मालननं बंकटकडून त्यांच्या आवडीचं क्रीमचं बिस्कीट आणवून ठेवलं होतं. काळं, मध्ये पांढरा थर असलेलं. संघाच्या प्रत्येक बैठकीत त्यांना तेच लागतं. ते खुर्चीत बसले, एक बिस्कीट उचललं आणि मग माझ्याकडं वळले.

"उत्तरेश्वर, सव्वीस वर्सं झाली तुला. तुला ह्यो उद्योग कुनी सांगितला?"

मी बबनरावांच्या ओट्याकडं पाहिलं. बबनराव पेपरमागं गेले होते.

"आण्णा, घरगुती कारण होतं."

"घरगुती कारणासाठी आमच्या दुधाला भेसळ म्हनायचं? लोकं हसायलीत मला. आन् ह्ये बिनदुधाचं खूळ काय हाय?"

"खूळ माझं हाय, काका," वैजू दारातून म्हणाली. ती तोंड धुऊन, टॉवेल हातात घेऊन उभी होती. "मी दूध खात न्हाई. आप्पांनी माझ्यासाठी केलं आसंल."

सुंदररावांनी तिला बसायला सांगितलं. रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात त्यांनी बिस्किटाच्या दोन फाका वेगळ्या केल्या आणि पांढरी बाजू तिच्यापुढं धरली. "ह्ये बघ पोरी. क्रीम. क्रीम म्हंजी साय. कुन्या तरी संघाचं, कुन्या तरी दगडाबाईचं दूध हाय ह्यात. म्हनून मी दुसरं बिस्कीट खात न्हाई. आन् तू दूध सोडतीस."

वैजूनं पुडा उचलला आणि उलटा केला. तिचे डोळे तरुण आहेत, तिला पुडा उन्हात न्यावा लागला नाही. ती सावकाश वाचत गेली. मैदा, साखर, पामतेल, कोको, मीठ, सोडा. मग ती थांबली, पुन्हा वरपासून वाचलं.

"काका, ह्याच्यात दूध न्हाई."

"आसं कसं? क्रीम हाय की."

"क्रीम म्हंजी तेल आन् पिठीसाखर. दुधाचा थेंब न्हाई."

सुंदररावांनी चष्मा मागवला. पुडा स्वतः वाचला. मग मला वाचायला लावला. मग बबनरावांना हाक मारली आणि त्यांनाही लावला. कुणालाच त्यात दूध सापडलं नाही. हातातली फाक त्यांनी बशीत हळूच ठेवली, आणि ती आपल्यापासून जरा लांब सरकवली.

"म्हंजी," ते म्हणाले, "एवढी वर्सं दूध संघाच्या बैठकीत मी तेल खायलोय?"

 मला मात्र वेगळंच दिसलं होतं. पुड्याच्या अगदी खाली, शिवणीपाशी आणखी एक ओळ होती. सत्यवादीपणाचा मला रोग आहे.

"वैजू, थांब," मी म्हणालो. "इथं लिहिलंय, की हे ज्या कारखान्यात बनवलं तिथं दूधपण हाताळलं जातं. म्हणजे तुला चालणार नाही."

आठवडाभराच्या खटपटीनंतर हातात आलेलं बिस्कीट मी स्वतःच काढून घेत होतो. मालननं दारातून माझ्याकडं असं पाहिलं, की नोटीस परवडली.

वैजूनं ती ओळ वाचली. मग माझ्याकडं पाहिलं, बहुतेक आल्यापासून पहिल्यांदा नीट.

"आप्पा, तुमी रोज संघातून येता तवा तुमच्या सदऱ्याला बी दुधाचा वास येतो. म्हनून मी घरी यायचंच न्हाई का?"

आणि तिनं बशीतलं एक बिस्कीट उचललं, मालननं आणलेल्या कोऱ्या चहात बुडवलं आणि खाल्लं.

   "दिवाळीत मी बोललो ते बरोबर नव्हतं," हे मी मग चहाच्या कपाकडं बघत म्हणालो. बैठकीत ते कुणाला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. वैजूनं बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली.

सुंदररावांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. त्यांचा राग आता दिशा बदलून बसला होता. त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि चौकशीचा निष्कर्ष तोंडानं सांगितला. लिपिक निर्दोष, मशीन दुरुस्तीला पाठवावं, बिस्कीट दोषी. यापुढं संघाच्या बैठकीत हे बिस्कीट येणार नाही. कपाटातले शिल्लक सोळा पुडे कुणीतरी घेऊन जावेत. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कंपनीला आजच्या आज निषेधाचं पत्र जावं, की क्रीम म्हणवता तर त्यात दूध घाला, आमचा संघ ते पुरवायला तयार आहे.

"अठ्ठावीसशे लिटरमधून?" बबनरावांनी विचारलं.

"पाऊस पडल्यावर," सुंदरराव म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

पत्र लिहायला मी बसलो, पण पहिल्या ओळीत तीनदा अडलो. शेवटी वैजूनं लॅपटॉप काढला. दूध सोडलेली माझी मुलगी, बिस्किटात दूध घाला अशी मागणी करणारं दूध संघाचं पत्र, भाकरीचा तुकडा तोंडात धरून, टाईप करत होती. मधूनमधून ती "आप्पा, 'मलई' लिहू का 'साय'?" असं विचारायची आणि मी "साय लिही" म्हणायचो. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. दुपारी मी ते संघात नेऊन छापलं, सही-शिक्का घेतला. पाकिटावर पत्ता तिनं आधीच स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिला होता.

जावक नोंदवहीत नोंद करताना मी सवयीनं पत्ता तपासला. कंपनीचं नाव बरोबर होतं. बाकी सगळं कोरं होतं, ना गाव ना रस्ता. खाली फक्त पिनकोड होता, आणि तो गेवराईचा होता. म्हणजे पत्र कंपनीत कधीच पोचणार नव्हतं, आणि शुद्धलेखनात न चुकणारी पोर पत्त्यात चुकणारी नव्हती.

सव्वीस वर्षांत माझ्या हातून अपुऱ्या पत्त्याचं एकही पत्र बाहेर गेलेलं नव्हतं. मी वहीत 'रवाना' असं लिहिलं, पाकिटाला तिकीट चिकटवलं आणि पोस्टाच्या पेटीत नीट आतपर्यंत ढकललं.